पहिली उचल

साळवणच्या अलीकडे उसाच्या बांधावर उभा असलेला तो सोलरचा स्टँड मी चालत्या गाडीतून ओळखला. ऑगस्ट महिना, गगनबावड्याकडचा पाऊस, काचेवरून पाणी नुसतं ओघळत होतं. तरी ओळखला. गाडी कडेला घेतली, छत्री उघडली आणि चिखल तुडवत बांधावर गेले.

खूण अगदी बारीक होती. खांबाच्या डोक्याला जिथे तिरका आधार येऊन मिळतो, तिथे जाड पत्र्याची एक त्रिकोणी गसेट असते. तिचा आतला कोपरा मी ड्रॉइंगमध्ये 15 मिलिमीटर तिरका कापायला लावला होता. हा स्टँड गॅल्व्हनायझिंगला जातो, म्हणजे साधारण 450 अंशांच्या वितळलेल्या जस्ताच्या कुंडात अख्खा बुडतो. कोपरा बंद ठेवला तर तिथे आधीच्या धुलाईचं ॲसिड अडकतं, जस्त नीट चढत नाही आणि दोन पावसाळ्यांत त्या कोपऱ्यातून तांबडा ओघळ सुरू होतो. पोकळ पाइप दोन्हीकडून बंद असेल तर त्याहून वाईट. आतल्या ओलाव्याची वाफ होते आणि पाइप कुंडातच फुटतो. म्हणून पाइपला खाली एक आणि वर एक अशी 12 मिलिमीटरची भोकं दिली होती. भोकं जागेवर होती. कोपराही मी काढला होता तसाच कापलेला होता. अंगठ्याने चाचपून पाहिलं, धार घासून मऊ केलेली होती. कुणीतरी मन लावून काम केलं होतं.

फक्त सहा पॅनलच्या जागी आठ पॅनल होती.

खांब तेच, पाया तोच. पॅनल ज्यांच्यावर बसतात त्या आडव्या पट्ट्या, पर्लिन, तेवढ्या दोन्ही बाजूंनी लांबवलेल्या आणि टोकांना एकेक पॅनल जादा चढवलेलं. लांबून बघणाऱ्याला त्यात काही वावगं दिसलं नसतं. मला दिसलं, कारण पॅनलचं वजन हे या स्टँडचं दुखणंच नाही. त्याचं दुखणं आहे वारा. वळवाचा वारा मागून शिरला की पॅनल सुपासारखी उचलली जातात. तेव्हा स्टँडला जमिनीत धरून ठेवतं ते पायाचं काँक्रीट आणि त्याच्या भोवतीची माती. सहाची आठ झाली म्हणजे वाऱ्याला मिळालेलं अंग एक तृतीयांशाने वाढलं, आणि धरणारा हात होता तेवढाच राहिला.

खाली बसून पाहिलं. पश्चिमेच्या अंगाला काँक्रीट आणि माती यांच्यात फट पडली होती. माझी करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत आत गेली.

“काय बघालाय, ताई? कंपनीच्या हाय काय तुमी?” मागून आवाज आला. डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेले मालक होते. सौर पंपांच्या कुसुम योजनेतून, दहा टक्के आपले भरून घेतलेला पंप. दोन वर्षं झाली होती. पाणी झकास येतंय म्हणाले. रात्री-अपरात्री लाइटीसाठी रानात यावं लागत नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आणि मग म्हणाले, “वळवाला वाईच डुलतंय, पर पडत न्हाई.”

या स्टँडचं ड्रॉइंग मी काढलंय, हे मी त्यांना त्या वेळी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

हे डिझाइन 2021 मधलं. शिरोली एमआयडीसीत एक फॅब्रिकेटर आहेत, त्यांना मी तात्या म्हणते. माझ्या वडिलांच्या वेळची ओळख. दुसऱ्यांसमोर ते मला मॅडम म्हणतात, एकटे असले की पोरी. त्यांनी बोलावून सांगितलं, “सोलरच्या स्टँडला लोखंड लई जातंय. जरा बरं काढून दे.” केंद्र सरकारची कुसुम योजना 2019 ला आलेली, आता महाराष्ट्रात पंप धडाक्याने लागत होते. ऑर्डरी मोठ्या यायच्या, पण दरात ताणाताणी चालायची. जुना स्टँड 148 किलोचा होता. मी पंधरा दिवस बसले. भारांचं गणित केलं, पाइपची जाडी उतरवली, आधाराची जागा सरकवली, बोल्टची संख्या कमी केली. तो 126 किलोवर आणला. फी ठरली ती चहा संपायच्या आत. पंधरा दिवसांचे पैसे, वर थोडं, गोळाबेरीज 25,000. एका पानाचं पत्र. त्या पत्रात कामाचं नाव होतं, रक्कम होती, तारीख होती. किती स्टँड बनणार, याबद्दल एक अक्षर नव्हतं. मला ते सुचलंच नव्हतं.

सुचणार कुठून? माझं तोवरचं आयुष्य इमारतींत गेलेलं. बंगला, अपार्टमेंट, एखादं मंगल कार्यालय. इमारत एका जागी उभी राहते. तिची माती एक, तिचा वारा एक, तिचा मालक एक. आपण साइटवर जातो, सळई मोजतो, काँक्रीट पडताना उभे राहतो. काम संपतं, फी संपते, आणि नंतर त्या रस्त्याने जाताना आपली इमारत कुठे आहे ते आपल्याला ठाऊक असतं. इमारतीचा दर चौरस फुटावर लावता येतो, कारण ती पुन्हा बनत नाही. स्टँडचं तसं नाही. तो ट्रकमध्ये सुटा होऊन बसतो आणि माझं नावही न ऐकलेल्या गावात, मी न पाहिलेल्या मातीत, कुणीतरी तो उभा करतं.

बांधावरून घरी आल्यावर मी हिशेब मांडला. तात्यांनीच मला मध्यंतरी अभिमानाने सांगितलं होतं की तीन वर्षांत 1,400 गेले. एका स्टँडमागे 22 किलो वाचले. गॅल्व्हनायझिंग धरून किलोला 90 रुपये लावले तरी नगामागे 1,980. एकूण 27 लाख 72 हजार. आणि माझी फी त्या 1,400 वर वाटली तर नगाला 18 रुपयांच्याही आत. मी चिडले होते, हे खरं. पण कागदावर ते आकडे बराच वेळ पाहिल्यावर राग दुसरीकडे वळला.

त्या 22 किलोंचीच मला भीती वाटायला लागली.

जुना स्टँड ढोबळ होता. अंगाने जाड. कुणी त्याच्यावर आठ पॅनल चढवली असती, बोल्ट एखादा कमी मारला असता, तरी त्याने कदाचित निभावून नेलं असतं. मी त्याचं जादा मांस काढून टाकलं. त्यासाठीच मला बोलावलं होतं आणि काम चोख झालं होतं, त्यात मला शंका नाही. पण लोखंड बेताचं केलं की त्या लोखंडातून दुसऱ्याच्या चुकीला सामावून घ्यायची जागाही जाते. जितकं डिझाइन घासून-पुसून नेमकं करावं, तितकं ते कुणी न विचारता बदललं तर लवकर बिघडतं. एकच स्टँड करायचा असता तर मी इतकी घासाघीस केलीच नसती. चार दिवसांत जरा जाड पाइप घालून मोकळी झाले असते, कारण चार किलो लोखंड माझ्या एका दिवसापेक्षा स्वस्त. हजार करायचे म्हटल्यावर गणित उलटं होतं. तिथे एका किलोसाठी आठवडा घालवणंही परवडतं. म्हणजे पुन्हा पुन्हा बनणाऱ्या वस्तूचं काम मुळातच जास्त आहे, त्याची जोखीमही जास्त आहे, आणि मी त्याला बंगल्याच्या जिन्याचा भाव लावला होता.

माझे वडील, आण्णा, पॅटर्न मेकर होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एका गाळ्यात सागवानाच्या भुश्श्यात त्यांचा जन्म गेला. ऑइल इंजिनं, उसाचे चरक, पंपांची अंगं, ज्यांच्यावर हे गाव पोसलं त्या वस्तूंचे लाकडी साचे ते बनवायचे. लहानपणी मी त्यांच्या फूटपट्टीने वहीत रेघा मारल्या आणि शाळेत माप चुकलं म्हणून रडत आले. ती पट्टी साधी नव्हती. बिडाचं ओतीव थंड होताना आकसतं, मीटरला साधारण 10 मिलिमीटर. म्हणून साचा तेवढा मोठा करावा लागतो, आणि पॅटर्न मेकरच्या पट्टीवरचा मीटर तेवढा मोठाच आखलेला असतो. माझी वही बरोबर होती, पट्टी ओतकामाची होती.

आण्णांना एका पॅटर्नचे एकदाच पैसे मिळत. त्या पॅटर्नवरून फाउंड्री पुढे पाच हजार ओतीव काढो की पन्नास हजार. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत, कारण त्यांच्या बिरादरीत तसंच चालायचं. पण त्यांची एक सवय मला आता नव्याने आठवते. पॅटर्न दिल्यावर पहिलं ओतीव निघालं की ते स्वतः फाउंड्रीत जायचे. रविवार असला तर मला सायकलवर पुढे बसवून. वाळू झाडलेलं ते कोमट बीड हाताने फिरवून बघायचे, कॅलिपर लावायचे, आणि कधी कधी पॅटर्न परत घेऊन यायचे. एकदा मी विचारलं, “पैसे मिळाले ना, मग परत का आणलं?” म्हणाले, “बाळ, लाकडात एक चूक हाय. वतलं की तीच चूक हजार घरात जाईल.” तो साचा त्यांनी रात्री बसून दुरुस्त केला. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत.

उद्यमनगर तेव्हा लहान होतं. फाउंड्री दोन गल्ल्या सोडून. पॅटर्न बदलायचा असला की मालक पोऱ्याला पाठवायचा, “जा, आण्णाला इचारून ये.” विचारणं फुकट होतं, कारण ते जवळ होतं. आज माझं ड्रॉइंग पीडीएफ होऊन कुठे कुठे गेलंय ते मला माहीत नाही, आणि गगनबावड्याच्या त्या बांधावर मला कुणी विचारायला येणार नव्हतं.

तात्यांकडे गेले तेव्हा मी पैशाचा विषय आधी काढला नाही. आठ पॅनलचा काढला. ते खरोखर चकित झाले. त्यांच्या मते काहीच चुकीचं घडलं नव्हतं. मोठ्या पंपाची ऑर्डर आली, त्याला दोन पॅनल जास्त लागत होती, सुपरवायझरने पर्लिन लांबवली. “पैसे दिलं की तुला, पोरी. ड्रॉइंग आमचं झालं न्हवं?”

मी म्हटलं, ड्रॉइंग सहा पॅनलचं होतं.

ते जरा थांबले आणि मग त्यांनी जो दाखला दिला त्याने मी दोन दिवस गप्प होते. “डॉक्टर चिठ्ठी लिवून देतोय. आपण त्येच्यावर गोळ्या घेतोय. दर गोळीला डॉक्टर पैसे मागतोय व्हय?”

दोन दिवसांनी फोन करून सांगितलं, “तात्या, डॉक्टरनं चिठ्ठी तुम्हाला बघून दिली. तुमची नाडी, तुमचं वय, तुमची साखर. तीच चिठ्ठी तुम्ही झेरॉक्स काढून अख्ख्या शिरोलीला वाटली, आणि वर दोन गोळ्या वाढवल्या, तर डॉक्टरनं काय करायचं?” पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मग म्हणाले, “ये उद्या. जेवायलाच ये.”

तात्यांची बाजूही मला नीट मांडायची आहे. यंत्रांचं कर्ज त्यांच्या डोक्यावर, चाळीस माणसांचा पगार त्यांच्या डोक्यावर. योजनेतली बिलं महिनोन्महिने अडकतात, आणि गॅल्व्हनायझरला मात्र रोख मोजावे लागतात. बाजार मीच पाहिला नव्हता तर त्यातला नफा मी कुठल्या तोंडाने मागायचा? आणि आपलं कोल्हापूर तर बघून बनवण्यातच वाढलं. बाहेरचं यंत्र यावं, ते उलगडून पाहावं आणि त्याच्या तोडीचं इथे करावं, ही या गावची विद्या आहे. बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये सिनेमाचा कॅमेरा इथेच बनवला, त्याची गोष्ट ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. अशा गावात “माझं ड्रॉइंग” असं म्हणताना माझी जीभ अडखळते. आणि नक्कल झाली म्हणून माझं दुखणं नव्हतंच. अंगापिंडाने माझाच राहिलेला स्टँड मला न विचारता वाढला होता, ते दुखत होतं.

कायद्याचा आधार मिळेल या आशेने एका वकिलांकडे बसले, तिथे शिकले ते इथे सांगून टाकते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 15 मध्ये म्हटलंय की, जे डिझाइन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याची वस्तू मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखान्यात 50 हून अधिक वेळा बनवली की त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. पन्नास! आमचा पहिला ट्रकच त्याहून मोठा होता. 2000 च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी करता येते, 10 वर्षं आणि वाढवून आणखी 5, पण ती वस्तूच्या रूपाची. पाइपची जाडी आणि आधाराची जागा तिथे बसत नाही. इंजिनियरिंग ड्रॉइंगला कलाकृती मानायचं की डिझाइन, आणि त्यात उपयोग प्रधान आहे का, हे कसं तपासायचं यावर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये निकाल दिला, तोही वकिलांनी पुढे दाखवला. सनदी लेखापालांना 1949 चा कायदा आहे, वकिलांना 1961 चा, वास्तुविशारदांना 1972 चा. आम्हा इंजिनियरांना तसा देशव्यापी कायदाच नाही. वकील म्हणाले, “ताई, तुमच्यासाठी सगळ्यांत भक्कम कायदा म्हणजे तुम्ही दोघांनी सही केलेलं पत्र.” हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो, आणि लेखात मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षांची धरतात, हेही त्यांनीच सांगितलं. माझ्या एका पानाच्या पत्रात यातलं काहीच नव्हतं.

जेवायला पिठलं-भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ताजा गूळ होता. तात्यांची हातकणंगल्याकडे चार एकर शेती आहे, ऊस कारखान्याला जातो. मी वहीतून वाचत होते. आधी एक रक्कम, ज्यात माझं पूर्ण काम, पहिला नमुना आणि त्याची चाचणी. नंतर प्रत्येक नगामागे थोडी रक्कम, विकला जाईल तशी. त्यांनी भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

“म्हंजे पयली उचल आन् मागनं हप्ता. असंच न्हवं?”

इतके दिवस मी ज्याच्यासाठी शब्द शोधत होते तो या जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडात होता. ऊस गेला की चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायची, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. साखर विकून कारखान्याला काय मिळालं ते नंतर बघायचं, त्यात शेतकऱ्याचा वाटा, सत्तर टक्के शेतकऱ्याला, तीस कारखान्याला हे सत्तर-तीसचं सूत्र, त्यावरून दरवर्षी जयसिंगपूरची ऊस परिषद, रस्ता रोको, सगळं तात्यांना पाठ. उचल म्हणजे उत्पादन खर्च भरून काढणारी, हक्काची, कारखाना नफ्यात असो वा तोट्यात. हप्ता म्हणजे पुढे जे झालं त्यातला भाग. त्यांनी शेतकरी म्हणून ज्यासाठी रस्त्यावर बैठक मारली होती, तेच मी मागत होते. हे मला बोलून दाखवावं लागलं नाही.

उचलीबद्दल मी एक शिकले, ते मुद्दाम लिहिते, कारण नवीन मुलं इथे फसतात. “आत्ता कमी घे, पुढं नगावर भरपूर मिळेल” असं कुणी म्हटलं तर ऐकू नये. वस्तू चालेल की नाही हा धंद्याचा प्रश्न आहे, आणि तो पत्करण्याचा मोबदला कारखानदार घेतो. माझं काम, माझ्या ऑफिसातल्या मुलीचा पगार, नमुन्याच्या चाचणीचे दिवस, हे सगळं उचलीतच निघालं पाहिजे, एकही नग विकला गेला नाही तरी. आठ पॅनलच्या नव्या स्टँडला मी 70,000 उचल घेतली.

नगामागे किती, यावर मात्र आम्ही तीन बैठका केल्या. वाचलेल्या लोखंडाचे टक्के? लोखंडाचा दर महिन्याला हलतो, आणि वाचलं ते कशाच्या तुलनेत, हा वाद कधी मिटत नाही. विक्रीच्या किमतीचे टक्के? किंमत ऑर्डरीगणिक वेगळी, कधी उभारणी धरून, कधी सोडून. मला त्यांच्या वह्या बघायची वेळ आली असती, आणि ते दोघांनाही नको होतं. शेवटी सरळ रुपयांत ठरलं. नगाला 60 रुपये, तीन महिन्यांनी हिशेब. स्टँडच्या किमतीत ते कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. ते 60 माझ्या पिशवीत जातात असंही नाही. जबाबदारीचा विमा असतो, आणि दावा ज्या वर्षी येतो त्या वर्षी पॉलिसी चालू असावी लागते. 2021 च्या कामाचा विमा 2021 ला भरून भागत नाही. स्टँड रानात उभे आहेत तोवर विम्याचा हप्ता चालू. ते पैसे दरवर्षी कुठून तरी यायला हवेत, आणि ते त्या स्टँडांतूनच यावेत हे मला रास्त वाटतं.

मोजायचं कसं, हा प्रश्न राहिलाच होता. मी तात्यांवर विश्वास ठेवते, पण उद्या त्यांच्या जागी दुसरं कुणी बसेल. मग एक साधी युक्ती निघाली. ॲल्युमिनियमची छोटी नेमप्लेट, 60 बाय 25 मिलिमीटरची, दोन रिव्हेटवर बसणारी. तिच्यावर अनुक्रमांक, पॅनलची संख्या आणि वाऱ्याचा वेग. प्लेटा मी छापून घेते, शंभरच्या गठ्ठ्याने देते, आणि गठ्ठा देताना मागच्या शंभरांचा हिशेब होतो. प्लेट नसेल तो स्टँड माझा नाही. एवढंच पत्रात लिहिलंय, आणि त्याखाली: पॅनल, पाया, पाइप किंवा गाव, यातलं काहीही बदलायचं असेल तर आधी विचारायचं, विचारल्यावर चार दिवसांत उत्तर द्यायचं. विचारण्याचे वेगळे पैसे नाहीत. ते त्या 60 मध्ये धरलेत. खरं सांगायचं तर 60 लावले ते मुख्यतः एवढ्यासाठीच. पैसे येत राहिले की मी त्या वस्तूशी बांधलेली राहते, आणि देणाऱ्यालाही विचारताना परकं वाटत नाही.

नमुन्याची चाचणी तात्यांच्या आवारात झाली. वारा वर उचलतो, म्हणून आम्ही स्टँड उलटा करून बांधला आणि त्याच्यावर वाळूची पोती रचली, 30 किलोची 70. शेवटच्या दहा पोत्यांना आवारात कुणी बोलत नव्हतं. पर्लिन किती वाकली ते मी सुतळी ताणून मोजत होते, आणि तात्या शेजारी गुडघ्यावर बसून सुतळीकडे बघत होते. पोती उतरवली, पर्लिन परत सरळ आली. त्यांनी फक्त “हां” म्हटलं आणि पोरांना चहा सांगितला.

मग जुन्या, वाढवलेल्या स्टँडांचं काम. असे 310 निघाले. तात्यांनी ते सगळे आपल्या खर्चाने दुरुस्त केले: दोन तिरके टेकू आणि पायाभोवती काँक्रीटचा गळपट्टा. माझा वेळ मी लावला, त्याचं बिल केलं नाही. त्याला साडेआठ महिने लागले आणि त्या सगळ्या महिन्यांत वळवाचे ढग आले की माझी झोप उडायची. साळवणचा तो बांध पहिला घेतला. या वेळी मालकांना सांगितलं, स्टँड मी काढलाय. त्यांनी फट बुजवलेल्या जागेवर पाय दाबून बघितला आणि मला भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या.

यंदा मार्चमध्ये सकाळी सुपरवायझरचा फोन आला. दोनशे प्लेटा पायजेत.

“कुठं चाललंय?”

“विशाखापट्टणमला, ताई. गाडी लागलीया. 39 चीच प्लेट लावायची न्हवं?”

भारतीय मानकात पुण्याला वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिलाय, आमचा स्टँड त्याच आकड्यावर काढलेला. विशाखापट्टणमला तो 50 आहे. आकडे जवळचे दिसतात, पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. 39 ला चौरस मीटरवर जे 913 न्यूटन पडतात, ते 50 ला 1,500 होतात. चौसष्ट टक्के जास्त, समुद्राच्या तोंडावर.

“लावू नका. गाडी किती भरली?”

“निम्मी.”

“उतरवा.”

पलीकडे कुजबुज झाली आणि फोन तात्यांनी घेतला. “किती दिवस लागतील, पोरी?”

“चार.”

“तीन कर.”

मी फाइल उघडली आणि वाऱ्याच्या रकान्यातले 39 खोडून तिथे 50 लिहिले.